कागदावरची कमाई : अमेरिकेत आईवडिलांना नेणारी सही आणि तिची किंमत

आमच्या वस्तीतल्या बुद्ध विहारात दर रविवारी आम्ही काही कार्यकर्ते शिष्यवृत्तीचे आणि सरकारी योजनांचे अर्ज भरून देतो. येणाऱ्यांपैकी बरेच जण एकाच कागदाशी अडलेले असतात. तो कागद म्हणजे उत्पन्नाचा दाखला. एका रविवारी मात्र नगरपालिकेतून सफाई कामगार म्हणून निवृत्त झालेले एक काका इंग्रजी कागदांची जाड फाईल घेऊन आले. त्यांची मुलगी शिष्यवृत्तीवर शिकली, इंजिनीअर झाली, अमेरिकेत गेली आणि आता तिथली नागरिक आहे. आईवडिलांना ती कायमचे घेऊन जाणार होती. काकांना एकच गोष्ट विचारायची होती.

"तिथं म्हाताऱ्या माणसांना सरकार दवापाणी देतं म्हणतात. मग आमचा भार पोरीवर पडणार नाही ना?"

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. नंतर काही आठवडे कायदा वाचला, तिकडच्या मित्रांशी बोललो. उत्तर थोडक्यात असे की भार पडेल, आणि अमेरिकेच्या कायद्याने तो मुद्दामच मुलीवर टाकला आहे. इतकेच नव्हे, तर मुलीने आईवडिलांना एक डॉलरही दिला नाही तरी तिचा पगार त्यांच्याच हातात आहे असे सरकार धरून चालते. मेरीलँडमध्ये २०२३ साली बाबासाहेबांचा भव्य पुतळा उभा राहिला, त्याचे फोटो आपण सगळ्यांनी शेअर केले. पण तिकडे स्थिरावलेल्या आपल्या पहिल्या पिढीच्या घरांत हा प्रश्न आता दार ठोठावतो आहे, आणि त्यावर मराठीत फारसे कोणी बोलत नाही.

सही नेमकी कशावर असते?

अमेरिकेचा नागरिक एकवीस वर्षांचा झाला की आईवडिलांसाठी ग्रीन कार्ड मागू शकतो. (नुसते ग्रीन कार्ड असलेल्याला आईवडिलांसाठी अर्ज करता येत नाही.) त्यासाठी त्याला आय-८६४ नावाचा फॉर्म भरावा लागतो. त्याला 'अ‍ॅफिडेव्हिट ऑफ सपोर्ट' म्हणतात, म्हणजे पोसण्याचे प्रतिज्ञापत्र. नवरा किंवा बायको, मुले, भाऊ-बहीण यांना नेतानाही हाच फॉर्म लागतो. सही करणारा तो स्पॉन्सर.

स्पॉन्सरच्या कुटुंबाचे उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असावे लागते. काकांची मुलगी, जावई, एक नात आणि येणारे दोघे धरले तर माणसे पाच. २०२५ च्या आकड्यांनुसार पाच माणसांची दारिद्र्यरेषा वर्षाला ३७,६५० डॉलर होती, म्हणजे या घराला साधारण ४७,०६२ डॉलर दाखवावे लागले असते. उत्पन्न कमी पडले तर बचत आणि मालमत्ता दाखवता येते किंवा दुसरा कोणी संयुक्त स्पॉन्सर म्हणून सही करू शकतो. त्या दुसऱ्यावरही तेवढीच जबाबदारी येते. मैत्रीखातर सही करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

हा फॉर्म म्हणजे औपचारिकता नाही. तो सरकारशी केलेला करार आहे. आलेल्या माणसाला दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांच्या खाली जाऊ देणार नाही, असे स्पॉन्सर लिहून देतो. आलेल्या माणसाने गरिबांसाठीची सरकारी मदत घेतली तर ती देणारे खाते स्पॉन्सरकडे वसुली मागू शकते, कोर्टात जाऊ शकते. आलेला माणूस स्वतःही स्पॉन्सरवर दावा लावू शकतो.

'डीमिंग' : जे मिळालेच नाही ते उत्पन्न

आता मुख्य मुद्दा. तिकडे गरिबांसाठी काही मोठ्या केंद्रीय योजना आहेत. अन्नासाठी स्नॅप (पूर्वीचे फूड स्टॅम्प), आरोग्यासाठी मेडिकेड, मुलांच्या आरोग्यासाठी चिप, वृद्ध आणि अपंगांसाठी एसएसआय, गरजू कुटुंबांसाठी रोख मदतीची टॅनफ. या सगळ्यांत अर्जदाराचे उत्पन्न पाहिले जाते. अर्जदार स्पॉन्सरच्या सहीवर आलेला असेल तर त्याच्या उत्पन्नात स्पॉन्सरचे, आणि स्पॉन्सरच्या नवऱ्याचे किंवा बायकोचेही, उत्पन्न व मालमत्ता मिळवली जाते. याला तिथे 'डीमिंग' म्हणतात. डीमिंग म्हणजे 'आहे असे मानणे'.

उदाहरण घेऊ. समजा सहा वर्षांनी मुलीशी पटले नाही आणि आई वेगळी राहू लागली. भावाने एक खोली दिली, मुलगी महिन्याला दोनशे डॉलर पाठवते. आईचे खरे उत्पन्न दोनशे डॉलर. पण स्नॅपच्या कार्यालयात ती गेली की मुलीचा आणि जावयाचा पगार मांडला जातो, त्यातून ठरावीक वजावट होते आणि उरलेली रक्कम आईचे उत्पन्न म्हणून लिहिली जाते. जे पैसे आईने कधी पाहिले नाहीत, त्या पैशांमुळे ती कागदावर गरीब उरत नाही.

आपल्याकडच्या मुलामुलींना हे नवे वाटू नये. वडील दारू पितात, घरात पैसा देत नाहीत, आई धुणीभांडी करून शिकवते. पण अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना पालकांच्या अडीच लाखांच्या मर्यादेत वडिलांचा पगार मोजला जातो. विहारात बसून असे अर्ज आम्ही पाहिले आहेत. नाते आहे म्हणजे पैसा पोहोचतोच, हे सरकारचे गृहीतक इकडेही आहे. तिकडे त्याला स्वतंत्र कायद्याचे कलम आहे आणि त्याची मुदत कित्येक वर्षांची आहे.

हा कायदा आला कुठून?

'हा माणूस सरकारवर ओझे होईल' या संशयावरून लोकांना परत पाठवण्याची तरतूद अमेरिकेत १८८२ पासून आहे. चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदाही त्याच वर्षीचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम किनाऱ्यावर उतरणाऱ्या हिंदी मजुरांना अडवायलाही हीच 'ओझे होण्या'ची सबब वापरली गेली. म्हणजे गरिबीची चौकट आणि वंशभेद यांची सांगड तिथे जुनी आहे.

डीमिंग ऐंशीच्या दशकापासून काही योजनांत होते, पण मोजक्या वर्षांपुरते. स्पॉन्सरचे प्रतिज्ञापत्रही होते. पण ते कायद्याने बंधनकारक नाही, असे कोर्ट म्हणत असे. १९९६ मध्ये चित्र बदलले. अध्यक्ष क्लिंटन यांनी २२ ऑगस्टला कल्याणकारी योजनांचा नवा कायदा आणि सप्टेंबरअखेर स्थलांतराचा नवा कायदा सही करून आणला. त्यानंतर तीन गोष्टी एकत्र झाल्या. स्पॉन्सरचा करार कोर्टात बजावता येऊ लागला. नव्या ग्रीन कार्डवाल्यांना बहुतेक केंद्रीय योजनांसाठी पाच वर्षे थांबणे आले. आणि पाच वर्षे संपली तरी डीमिंग चालूच राहू लागले.

या बाजूचा युक्तिवादही नीट ऐकायला हवा. 'तुम्ही स्वखुशीने सही केली, मग करदात्याने का पोसावे?' हा प्रश्न अगदीच चुकीचा नाही. पण ग्रीन कार्डवाला माणूस पहिल्या दिवसापासून करदाताच असतो, हे त्यात विसरले जाते. आणि वचन पाळले गेले की नाही हे न पाहताच ते पाळले असे मानणे, हा न्याय नव्हे. वचन मोडले तर जाब स्पॉन्सरला विचारावा. इथे उपाशी आधी आईच राहते.

बाहेर पडायचे दरवाजे, आणि ते कोणाला उघडतात

डीमिंग कधी संपते? मुख्य वाटा दोन. एक, आलेल्या माणसाने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले की. दोन, त्याच्या नावावर कामाच्या ४० तिमाही जमा झाल्या की. वर्षात जास्तीत जास्त चार तिमाही मिळतात, म्हणजे किमान दहा वर्षांचे काम. लग्नाच्या काळातल्या जोडीदाराच्या तिमाहीही धरता येतात. याशिवाय तो माणूस वारला किंवा ग्रीन कार्ड सोडून देश सोडून गेला, अथवा स्पॉन्सर वारला, तर करार संपतो. घटस्फोटाने संपत नाही.

आता हे दरवाजे काकांसमोर ठेवून पाहा. पासष्टीचा माणूस तिथे जाऊन दहा वर्षे नोकरी करणार नाही. राहिले नागरिकत्व. ते पाच वर्षांनी मागता येते, पण त्यासाठी इंग्रजीची आणि नागरिकशास्त्राची परीक्षा आहे. भाषेची सूट मिळते ती पन्नाशी ओलांडून ग्रीन कार्डवर वीस वर्षे राहिलेल्याला, किंवा पंचावन्न ओलांडून पंधरा वर्षे राहिलेल्याला. पासष्टीत गेलेल्याला ही सूट ऐंशीत मिळेल. गंभीर आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे शिकणे शक्य नसेल तर डॉक्टरच्या फॉर्मवर सूट मागता येते, पण निरक्षर असणे हे त्यासाठी कारण धरले जात नाही.

कायदा सगळ्यांना सारखाच लिहिलेला आहे. पण ज्या आईला शाळेचे तोंड पाहू दिले गेले नाही, तिच्यासाठी तो वेगळा होतो. इंग्रजी शाळेत शिकलेल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या आईला पाच वर्षांनी परीक्षा देऊन मोकळे होता येते. आपल्या घरातल्या पहिल्या पिढीच्या इंजिनीअरची आई मात्र, इथे जे शिक्षण नाकारले गेले त्याची किंमत तिकडेही मोजत राहते. शिवाय भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. मुलीच्या पगाराच्या हिशेबातून सुटायचे तर आईवडिलांना भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. ओसीआय कार्ड मिळते, मतदानाचा हक्क जातो.

अपवाद आहेत, पण माहीत असतील तर

कायद्याने काही माणसे यातून वगळली आहेत आणि काही वाटा ठेवल्या आहेत.

निराधार अवस्थेचा अपवाद सगळ्यात महत्त्वाचा. मदतीशिवाय अन्न-निवारा मिळणे शक्य नाही असे ठरले, तर बारा महिने स्पॉन्सरचा पगार न धरता त्याने खरोखर जेवढे दिले तेवढेच धरतात. वरच्या उदाहरणातल्या आईचे उत्पन्न मग मुलीच्या पगारावर नाही, प्रत्यक्ष मिळणाऱ्या मदतीवर ठरेल. मात्र हा अपवाद दिल्यावर त्या खात्याने आईचे आणि मुलीचे नाव केंद्र सरकारला कळवायचे असते. 'पोरीच्या मागे सरकार लागेल' या भीतीने आई तो मागतच नाही. अपवाद लिहायचा आणि त्याला भीतीचे कुलूप लावायचे, असा हा प्रकार आहे.

घरात मारहाण किंवा छळ सोसलेल्या पत्नीसाठी आणि मुलांसाठी वेगळा अपवाद आहे. त्याची मुदत वाढवताही येते. स्नॅपमध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना डीमिंग नाही. २००९ च्या कायद्याने राज्यांना लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना पाच वर्षे न थांबवता मेडिकेड आणि चिप देण्याची मुभा दिली. ज्या राज्यांनी ती स्वीकारली तिथे त्या मदतीची वसुली स्पॉन्सरकडून होत नाही. तातडीच्या आजारासाठीचे मेडिकेड, लसीकरण, शाळेतले जेवण, गरोदर व स्तनदा मातांसाठीची विक योजना आणि आपत्तीतली मदत यांनाही डीमिंग लागत नाही.

मुलींच्या आईवडिलांसाठी

हा विषय फक्त म्हाताऱ्यांचा नाही. अमेरिकेतला नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला मुलगा इथे येऊन लग्न करतो आणि बायकोला घेऊन जातो, तेव्हा त्यानेही आय-८६४ वर सही केलेली असते. पुढे त्याने तिला घराबाहेर काढले, तर 'तू माझ्यावर अवलंबून आहेस' असे तो म्हणतो. प्रत्यक्षात उलट आहे. तिला १२५ टक्क्यांच्या पातळीवर ठेवण्याचे त्याने लिहून दिले आहे आणि घटस्फोटानंतरही ते बांधील राहते. तिने काम शोधले नाही म्हणून ही जबाबदारी कमी होत नाही, असा निकाल २०१२ मध्ये तिथल्या सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने दिला आहे. (एच-४ व्हिसावर गेलेल्या मुलीच्या बाबतीत हा फॉर्म भरलेला नसतो, त्यामुळे तिला हे संरक्षण नाही.) लग्न जमवताना मुलाचा पगार विचारतात, व्हिसा कोणता हे विचारतात, या फॉर्मची प्रत मात्र कोणी मागत नाही.

२०२५ नंतर काय बदलले?

४ जुलै २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी सही केलेल्या मोठ्या अर्थविषयक कायद्याने चौकट आणखी आवळली. निर्वासित आणि आश्रय मिळालेल्या लोकांना डीमिंग लागू नव्हते, कारण त्यांना स्पॉन्सरच्या सहीची गरज नसते. त्यांनाच आता ग्रीन कार्ड मिळेपर्यंत स्नॅपमधून वगळले आहे. मेडिकेडसाठी तसाच बदल ऑक्टोबर २०२६ पासून ठरला आहे.

ग्रीन कार्डवाल्या आईवडिलांना वेगळा फटका बसला. पाच वर्षांच्या प्रतीक्षेत असलेल्या, दारिद्र्यरेषेखालच्या उत्पन्नाच्या लोकांना आधी आरोग्य विम्याच्या बाजारपेठेत अनुदानावर विमा घेता येत असे. जानेवारी २०२६ पासून ती सोय बंद झाली. दोन माणसांची २०२५ ची दारिद्र्यरेषा २१,१५० डॉलर. सफाई कामगाराची पेन्शन तिथवर पोहोचणार नाही. मुलीने कर भरताना आईवडिलांना स्वतःवर अवलंबून दाखवले तर हिशेब तिच्या घराच्या उत्पन्नावर होतो, म्हणून हे कर सल्लागाराला विचारूनच करावे.

पासष्टीनंतर आणि सलग पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर मेडिकेअर विकत घेता येते. त्यात मुलीचा पगार मोजत नाहीत. पण ज्यांनी तिथे काम केलेले नाही त्यांच्यासाठी २०२५ मध्ये दोन्ही भागांचा हप्ता माणशी महिना ५१८ अधिक १८५, म्हणजे ७०३ डॉलर होता. दोघांचे १,४०६. ते शेवटी मुलीच्याच खिशातून जाणार.

आपण काय करू शकतो?

'मग आईवडिलांना नेऊ नये' असे मला म्हणायचे नाही. आयुष्यभर लोकांची घाण उपसलेल्या बापाला मुलीच्या घरी म्हातारपण घालवावेसे वाटले तर त्यात गैर काय? म्हणणे एवढेच की सही करण्याआधी दोन्ही बाजूंना हिशेब माहीत असावा. हा लेख वकिलाचा सल्ला नाही, पण वस्तीत काम करणाऱ्यांनी या गोष्टी तरी सांगाव्यात :

१. आय-८६४ ची पूर्ण प्रत आईवडिलांनी किंवा सुनेने स्वतःकडे ठेवावी. अडचणीच्या दिवशी तोच पुरावा.

२. पहिल्या पाच वर्षांच्या विम्याची सोय आधी ठरवावी, मगच अर्ज करावा. 'पुढे बघू' म्हणू नये. एका हॉस्पिटलच्या बिलात वर्षाची बचत जाते.

३. गावचे घर घाईने विकू नये. पेन्शन आणि हयातीचा दाखला चालू ठेवावा. मात्र ग्रीन कार्ड घेऊन वर्षातले बरेच महिने भारतात राहिले तर सलग वास्तव्य तुटू शकते, हेही सांगावे.

४. आईवडिलांना जायच्या आधीपासून इंग्रजी शिकवावे. विहारातल्या वर्गात मुलांसोबत आजी बसली तर ती तिच्या सुटकेची तयारी आहे.

५. अडचण आली तर निराधार अवस्थेचा आणि छळाचा अपवाद मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेला विचारूनच वापरावा. भीतीने सोडून देऊ नये.

६. तिकडच्या आपल्या संघटनांनी जयंती आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात अर्धा तास या विषयाला द्यावा.

१९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, आणि दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याच्या लेखी अटीवर. १९१७ मध्ये ती अट पाळायला ते बडोद्यात गेले, तर राहायला जागा मिळाली नाही. करारावर सही घेणाऱ्या व्यवस्थेने माणसाला माणूस म्हणून वागवण्याची हमी दिली नव्हती. त्या अनुभवातून गेलेल्या माणसाने पुढे उपकाराऐवजी हक्काची भाषा आपल्याला शिकवली. अन्न आणि औषध मुलीच्या पगारपत्रकावर अवलंबून ठेवणारा कायदा कोणत्याही देशाचा असो, त्याला त्याच भाषेत प्रश्न विचारायला हवेत.

काकांना मी हे सगळे दोन रविवार बसून सांगितले. मुलगीही व्हिडिओ कॉलवर होती. तिला सहीबद्दल माहीत होते, पण ती आईच्या बाबतीत कधी संपते हे माहीत नव्हते. काकांनी फाईल बांधली आणि म्हणाले, "म्हणजे तिथंही उत्पन्नाचा दाखला आहेच. फक्त नाव पोरीचं." अर्ज अजून केलेला नाही. काकू मात्र दर रविवारी विहारातल्या इंग्रजीच्या वर्गाला यायला लागल्या आहेत.